माळवद आणि कौलं

आजीचं घर माळवदाचं होतं. नगर जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. काळ्या दगडाच्या भिंती, त्यांवर आडव्या तुळया, तुळयांवर बारीक लाकडं आणि पाला, आणि सगळ्याच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मिरगाआधी आजोबा ती माती नव्याने टाकायचे, चोपून घ्यायचे, तरी पहिल्या जोराच्या पावसात कुठेतरी गळायचंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी नातवंडं त्या माळवदावर झोपायचो. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण शुभवर्तमानांतल्या, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांच्या येशूचरित्रांतल्या, गोष्टी तिला इतक्या पाठ होत्या की रोज रात्री एक सांगितली तरी सुट्टी संपायची, गोष्टी संपायच्या नाहीत.

पक्षघाती माणसाची गोष्ट ती अशी सांगायची. येशू कफर्णहूमात एका घरात बसलाय. दारात पाय ठेवायला जागा नाही. चौघं जण एका लुळ्या माणसाला बाजेवर घालून आणतात. आत शिरता येईना, तेव्हा बाज वर चढवतात आणि माळवद उकरायला लागतात. माती खाली पडते, येशूच्या डोक्यावर, खांद्यावर, मांडीवर. घरमालकीण ओरडते, "मेल्यांनो, मिरगाच्या तोंडावर माझं माळवद उकरलंत, आता कोन भरून द्यायचं?" येशू अंगावरची माती झटकतो आणि म्हणतो, "बाई, ह्यो उठून चालू दे. त्योच भरून दील."

ही घरमालकीण कुठल्याच शुभवर्तमानात नाही. ते मला नवव्या वर्षी कळलं, शब्बाथ शाळेच्या तोंडी परीक्षेत. आम्हाला लूकचा पाचवा अध्याय होता. मी रंगात येऊन माळवद उकरण्यापर्यंत पोहोचले, तेवढ्यात बाईंनी थांबवलं आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं. तिथे कौलं होती. चौघांनी कौलं बाजूला करून बाज खाली सोडली होती. माझं बक्षीस गेलं, आणि बक्षिसापेक्षा आजी चुकली याचं वाईट वाटलं. सुट्टीत गावी गेल्यावर मी तिला जवळजवळ भांडूनच विचारलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "त्यांच्याकडं कौलं असतील, बाळा. आपल्याकडं माळवद हाय."

हे बोलणं मी कितीतरी वर्षं विसरून गेले होते. शाळेतली नोकरी संपल्यावर दोन वर्षं ग्रीक शिकले; फार नाही, पवित्र शास्त्रातलं एखादं वचन अक्षरं जुळवत लावता यावं, इतकंच. एका दुपारी मार्कचा दुसरा अध्याय लावत होते. चौथ्या वचनात ते चौघं छप्पर काढतात, आणि त्यापुढे एक क्रियापद येतं: 'एक्सोरुक्सान्तेस'. कोशात अर्थ पाहिला. खणून, उकरून. मग लूक उघडला. तिथे 'केरामोन', म्हणजे भाजलेल्या मातीची कौलं. प्रसंग तोच, माणसं तीच, छप्पर मात्र वेगळं.

कफर्णहूमात उत्खनन झालं आहे. गालीलच्या सरोवराकाठी तिथल्या ज्वालामुखीच्या काळ्या दगडात बांधलेली लहान लहान घरं सापडली. छपरं हलकी, लाकडं, फांद्या आणि माती यांची. म्हणजे मार्कला ते घर बरोबर ठाऊक होतं, किंवा ज्याच्याकडून त्याने गोष्ट ऐकली त्याला तरी ठाऊक होतं. लूक लिहीत होता ग्रीक बोलणाऱ्या शहरांतल्या लोकांसाठी. त्यांनी उकरता येणारं छप्पर पाहिलेलं नसणार. घराचं छप्पर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे कौलं येणार. त्याने ती दिली. आजीने नेमकं त्याच्या उलट केलं, आणि तसं करताना नकळत मूळ घरात जाऊन पोहोचली. मी त्या दुपारी ग्रीक पुस्तक मिटलं आणि बराच वेळ काही केलं नाही.

तेव्हापासून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शोधावीशी वाटते: आज दोन पुठ्ठ्यांमध्ये इतक्या ठामपणे छापलेल्या या गोष्टी कागदावर येण्याआधी कुणाकुणाच्या तोंडून आल्या, आणि प्रत्येकाने त्यांना आपलं कुठलं छप्पर घातलं.

येशूने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. तो गालीलातल्या खेड्यांतून अरामी भाषेत बोलत हिंडला. पंतय पिलात यहूदियाचा सुभेदार होता इसवी सन २६ ते ३६ या काळात. त्याच्या हुकमाने येशूला क्रुसावर दिलं ते ३०च्या आसपास. बायबलच्या नव्या करारातलं सर्वांत जुनं लिखाण म्हणजे पौल या पहिल्या पिढीतल्या प्रचारकाची पत्रं, आणि त्यांतलं बहुधा पहिलं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं, सुमारे ५० सालचं. पण पौल गोष्टी सांगत नाही. त्याच्या पत्रांत येशूच्या दृष्टान्तांतला ना पेरणारा भेटतो, ना उधळ्या मुलगा. करिंथकरांना तो एवढंच सांगतो की जे मला मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं, आणि मग शेवटच्या भोजनाचे, मरणाचे, पुनरुत्थानाचे मोजके शब्द येतात, पाठ केल्यासारखे. त्याच्या हाती ते कुणीतरी तोंडानेच दिले होते. मार्कचं शुभवर्तमान, चौघांत पहिलं, ७०च्या सुमारास लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक धरतात. मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी. योहान शतकाच्या अखेरीस.

म्हणजे पहिली चाळीस वर्षं गोष्टी नुसत्या बोलण्यात होत्या. लोक विचारतात, एवढी मोठी गोष्ट, मग लगेच का लिहून ठेवली नाही? मला हा प्रश्न वाचणाऱ्यांच्या जगातला वाटतो. त्या काळी शंभरात दहा-पंधरा जणांना वाचता येत असेल, गालीलच्या खेड्यांत त्याहून कमी. शिवाय पहिल्या पिढीला वाटत होतं की प्रभू लवकरच परत येणार. पौलाच्या त्या पहिल्या पत्रात 'आपण जे जिवंत उरू' असे शब्द आहेत आणि त्या 'आपण'मध्ये तो स्वतःलाही धरतो. जो उद्या दारात उभा राहणार त्याची आठवण कोण वहीत उतरवून ठेवील? आणि तिसरं कारण मला सर्वांत जवळचं आहे. ज्याने पाहिलं तो समोर बसलेला असताना कागदाची गरजच काय?

दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या तुर्कस्थानातल्या हिरापोलिस गावी पापियास नावाचा बिशप होता. त्याचे ग्रंथ हरवले. युसेबियसने चौथ्या शतकात त्यांतले काही उतारे आपल्या इतिहासात घेतले म्हणून तेवढे राहिले. त्यात पापियास म्हणतो की, वडीलधाऱ्यांच्या सहवासात राहिलेलं कुणी आलं की मी येशूच्या शिष्यांबद्दल विचारायचो, आंद्रिया काय म्हणाला, पेत्र काय म्हणाला, थोमा काय म्हणाला. कारण पुस्तकांतून मिळणाऱ्यापेक्षा जिवंत, टिकून राहिलेल्या आवाजातून मिळालेलं मला अधिक उपयोगाचं वाटे. हे तो लिहितोय तेव्हा मार्कचं शुभवर्तमान निदान पस्तीस-चाळीस वर्षं जुनं झालं होतं. पुस्तक हाताशी असूनही तो दाराकडे डोळे लावून बसला होता, कुणी ऐकलेलं माणूस येतंय का म्हणून.

पण ऐकलेली माणसं जात होती. येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा याकोब, हेरोद राजाच्या तलवारीने फार लवकर गेला. येशूचा भाऊ याकोब ६२ साली यरुशलेमात मारला गेला. ६४ साली रोमला आग लागली आणि सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांना पकडलं. पेत्र आणि पौल त्याच छळात गेले अशी जुनी परंपरा आहे. ७० साली रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं. ज्या अंगणांत या गोष्टी घडल्या ती अंगणंच राहिली नाहीत. मला वाटतं, मार्क लिहायला बसला तो यामुळे. उत्साहाने नाही; आता नाही लिहिलं तर गेलं, अशा धास्तीने.

ही धास्ती मला कळते. आजीला जाऊन अडतीस वर्षं झाली. गेल्या वर्षी थोरली आत्या आजारी पडली, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की आजीच्या गोष्टी तिच्या तोंडून पुरत्या ऐकलेल्या, म्हणजे मोठेपणी, समजून ऐकलेल्या, आता दोनच जणी आहेत. मी दोनशे पानी वही आणली आणि आत्याच्या पलंगाशी बसले.

आपल्या भाषेत हे फार पूर्वी घडून गेलंय. चक्रधरस्वामी गेल्यानंतर, तेराव्या शतकात, म्हाइंभट त्यांच्या लीळा गोळा करत हिंडले. ज्याने जे पाहिलं ते त्याच्याकडून ऐकायचं, चक्रधरांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घ्यायचं, मग लिहायचं. पुढे खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या, धाडीत मूळ पोथी हरवली आणि निरनिराळ्या शिष्यांनी आपापल्या आठवणीतून ती पुन्हा उभी केली. आठवणी सगळ्या जुळेनात. तेव्हा महानुभावांनी काय केलं? एक खरी धरून बाकीच्या टाकल्या नाहीत. दोन्ही लिहून ठेवल्या, आणि अशा पाठभेदाला त्यांनी शब्द वापरला 'वासना'. एकाची वासना अशी, दुसऱ्याची अशी. आज त्या शब्दाचा अर्थ पार बदललाय, पण तिथे तो आठवण या अर्थी आहे, मनात मुरून राहिलेला वास. शुभवर्तमानांच्या पाठभेदांवर मी जेवढं वाचलंय त्यात इतका नेमका शब्द मला कुठे मिळाला नाही.

मार्ककडे परत येते. त्याचं ग्रीक साधं आहे, शिकलेल्यांना खडबडीत वाटेल असं. वाक्यामागून वाक्य 'आणि'ने जोडलेलं. 'लगेच' हा शब्द चाळीसएक वेळा. गोष्ट भूतकाळात चालू असताना मधेच वर्तमानकाळ: येशू येतो, बघतो, म्हणतो. आजी अशीच सांगायची. रंगात आली की तीही भूतकाळ सोडून द्यायची. पापियास म्हणतो की मार्क हा पेत्राचा दुभाष्या होता, आणि पेत्राने सांगितलेलं जसं आठवलं तसं त्याने नीट लिहिलं, मात्र क्रमाने नाही. कारण पेत्र गरजेप्रमाणे शिकवी. आज अनेक अभ्यासक या माहितीवर पूर्ण भरवसा ठेवत नाहीत. चारही शुभवर्तमानांत लेखकाने स्वतःचं नाव दिलेलं नाही. मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावं दुसऱ्या शतकात त्यांच्या माथ्यावर चढली. पण 'गरजेप्रमाणे' हे मला पटतं. आजीही उधळ्या मुलाची गोष्ट आम्ही भांडलो की सांगायची, आणि त्या दिवशी तिच्या गोष्टीत धाकट्यापेक्षा थोरला भाऊच जास्त बोलायचा.

मार्कमध्ये अरामी शब्द तसेच राहून गेलेत, चपातीत एखादा अख्खा दाणा राहावा तसे. याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरून येशू म्हणतो, 'तलिथा कूम'. मार्क तो आवाज तसाच देतो, मग ग्रीकमध्ये अर्थ सांगतो: मुली, ऊठ. तीच गोष्ट लूकमध्ये आहे, पण तिथे नुसतं ग्रीक आहे. मत्तयात तर येशू काही बोलतच नाही, हात धरतो आणि ती उठते. पुढच्या दोघांना त्या परक्या शब्दाची गरज वाटली नाही. ज्याने तो कानाने ऐकला होता, किंवा ऐकणाऱ्याकडून ऐकला होता, त्याला तो टाकवला नाही. आजी आम्हा मुलींना सकाळी याच शब्दांनी उठवायची. तलिथा कूम, उन्हं वर आली. आम्हाला ते आजीचंच काहीतरी वाटायचं. गालीलातल्या एका खोलीतला आवाज, कुठून कुठून, नगरच्या माळवदावर.

आणि त्याच मार्कला आपला वाचक दूरचा आहे याचंही भान आहे. विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन लेप्ता म्हणजे रोमचं एक क्वाद्रान्स, असा हिशेब तो करून देतो. यहुदी लोक जेवणाआधी हात कसे धुतात हे थांबून समजावतो. घर तो मूळचं ठेवतो, पैसे मात्र वाचकाच्या नाण्यांत मोजून देतो. कौलं घालणाऱ्या लूकपासून तो फार लांब नाही.

मत्तय आणि लूक लिहायला बसले तेव्हा त्यांच्यापुढे मार्क उघडा होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मार्कमधला जवळजवळ नव्वद टक्के मजकूर या ना त्या रूपात मत्तयात आहे. त्याशिवाय मार्कमध्ये नसलेली सुमारे दोनशेवर वचनं या दोघांत सारखी आहेत, काही ठिकाणी अगदी शब्दाला शब्द. ती कुठून आली? जर्मन पंडितांनी अंदाज बांधला की येशूच्या वचनांचा आणखी एक लेखी संग्रह असावा. त्यांच्या भाषेत उगमाला 'क्वेले' म्हणतात, त्याचं पहिलं अक्षर घेऊन त्याला 'क्यू' म्हटलं जातं. अशी पोथी कुणाला सापडलेली नाही, आणि ती कधी नव्हतीच असं म्हणणारेही आहेत. लूक मात्र लपवाछपवी करत नाही. पहिल्याच वाक्यात सांगतो की पुष्कळांनी ही हकिगत लिहायला घेतली आहे, ज्यांनी पहिल्यापासून डोळ्यांनी पाहिलं त्यांनी ती आमच्या हाती दिली, आणि मीही सगळं नीट शोधून क्रमवार लिहितोय. त्याच्या शोधात जे सापडलं त्याचा विचार करताना मला धडकी भरते. चांगला शोमरोनी फक्त लूकमध्ये आहे. उधळ्या मुलगा फक्त लूकमध्ये. हा एक माणूस लिहायला बसला नसता, तर बाप लांबून मुलाला पाहून धावत सुटतो हे आपल्याला कधी कळलंच नसतं.

दृष्टान्त कसे बदलत गेले ते पाहायचं तर हरवलेल्या मेंढराचा माग काढावा. मत्तयात येशू ही गोष्ट शिष्यांना सांगतो, या लहानांतल्या एकालाही तुच्छ मानू नका म्हणून. मेंढरू तिथे भरकटतं. मेंढपाळ नव्व्याण्णव डोंगरावर सोडून जातो, आणि 'जर ते सापडलं' तर आनंद करतो. त्या 'जर'मध्ये मला एखादी मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, सांभाळणाऱ्या पाळकाचा अनुभव ऐकू येतो; गेलेली सगळीच परत येत नाहीत. लूकमध्ये ऐकणारे वेगळे. जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवतोस म्हणून परुशी आणि शास्त्री कुरकुर करतायत, त्यांना तो ही गोष्ट सांगतो. इथे मेंढरू भरकटत नाही, माणसाकडून हरवतं. तो रानात नव्व्याण्णव सोडतो आणि 'सापडेपर्यंत' शोधतो. खांद्यावर घालतो, घरी येऊन शेजाऱ्यांना हाका मारतो. आणि १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ जी कॉप्टिक, म्हणजे जुन्या इजिप्ती भाषेतली, पुस्तकं सापडली, त्यांत थोमाच्या नावाचं एक शुभवर्तमान आहे: घटना नाहीत, नुसती ११४ वचनं. त्यातही हे मेंढरू आहे, पण ते कळपातलं सगळ्यांत मोठं. मेंढपाळ दमून त्याला म्हणतो, नव्व्याण्णवांपेक्षा तू मला जास्त आवडतोस.

हे थोमातलं मला रुचत नाही, उघडच सांगते. मोठ्या मेंढराच्या मागे कुणीही जाईल. बाजारात त्याचा भाव जास्त. सांगणाऱ्याला बहुतेक प्रश्न पडला असावा की एका मेंढरासाठी नव्व्याण्णव सोडून जाण्यात शहाणपण ते काय. त्याने उत्तर म्हणून मेंढरू मोठं केलं, आणि गोष्ट तिथेच विझली. आमच्या वहीत थोरली आत्या म्हणते, आईच्या गोष्टीतलं मेंढरू लंगडं होतं. धाकटी म्हणते, काणं. मी दोन्ही लिहिलंय. पण मोठं होतं असं दोघींपैकी कुणीच म्हणालं नाही.

पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताचं आणखी वेगळं. वाटेवर, खडकाळीत, काटेरी झुडपांत, चांगल्या जमिनीत बी पडतं. मार्कमध्ये गोष्ट संपल्यावर काही वचनांनी तिचा उलगडा येतो: बी म्हणजे वचन, पाखरं म्हणजे सैतान, काटे म्हणजे संसाराची चिंता आणि धनाचा मोह. थोमात गोष्ट आहे, उलगडा नाही. अनेक अभ्यासकांना वाटतं की तो उलगडा येशूचा नसून पहिल्या मंडळ्यांचा आहे, छळ आणि गळती पाहिलेल्या लोकांनी आपल्या अनुभवातून लावलेला. हे प्रथम वाचलं तेव्हा मी बिथरले होते. सावरले ती महानुभाव पंथातल्या केशिराजबासांमुळे. त्यांच्या 'दृष्टान्तपाठा'त प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र येतं, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरांचे. दार्ष्टान्तिक, म्हणजे उलगडा, केशिराजांचा. कुणाचं काय ते सरळ सांगितलेलं. ऐकणाऱ्याने गोष्ट नुसती साठवून ठेवली नाही, ती आपल्या जिण्याला लावून पाहिली, एवढाच त्याचा अर्थ. बी कुणी टाकलं याबद्दल त्यातून शंका येत नाही.

चार वेगवेगळ्या हकिगती, न जुळणाऱ्या, एकमेकींच्या दुरुस्त्या करणाऱ्या. हे सगळं एका सलग कथेत विणून टाकावं असं कुणाला तरी वाटणारच. १७०च्या सुमारास तातियान नावाच्या सीरियातल्या विद्वानाने ते केलं. चारांची एक सरळ कथा, 'दियातेस्सारोन', चारांमधून एक. ती इतकी आवडली की सीरियाच्या बाजूला कित्येक मंडळ्या पिढ्यान्पिढ्या तीच वाचत होत्या. पाचव्या शतकात थिओदोरेत या बिशपाने आपल्या भागातून तिच्या दोनशेवर प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी पुन्हा चार शुभवर्तमानं ठेवली. लोकांच्या हातातलं आवडतं पुस्तक काढून घेणं मला कधीच बरं वाटत नाही. पण त्या एका सलग कथेत माळवद किंवा कौलं, दोन्हींपैकी एकच राहू शकलं असतं. लियोंचा बिशप इरेनियस त्याच सुमारास, १८०च्या आसपास, ठणकावून सांगत होता की शुभवर्तमानं चारच, जशा दिशा चार. त्याची उपमा पटो न पटो, त्याच्यासारख्यांच्या हट्टाने विसंगती वाचली. तिच्यामुळेच आज आपल्याला त्या माणसांचे वेगवेगळे आवाज ऐकू येतात.

लिहिलेलंही सहज टिकत नाही. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे, जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच आणि सहा रुंद. त्यावर दोन्ही बाजूंनी योहानाच्या अठराव्या अध्यायातल्या, पिलातापुढच्या चौकशीतल्या तुटक ओळी आहेत. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, म्हणजे गुंडाळी नव्हे, पानांचं पुस्तक. तो १९२० साली इजिप्तमध्ये विकत घेतलेल्या चिठोऱ्यांत होता आणि १९३५ साली तो काय आहे ते जगाला कळलं. दुसऱ्या शतकातला मानतात. आपल्या इथलं उदाहरण जवळचं आहे. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं, दहा हजार नऊशेवर ओव्यांचं. त्या काळच्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. गावोगावच्या लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्या राहिल्या, आणि त्यांच्यावरून ते पुन्हा छापता आलं.

मार्कचा शेवट बघा. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत तो सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबतो. बाया रिकामी कबर पाहून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. ग्रीकमधला शेवटचा शब्द आहे 'गार', म्हणजे 'कारण'. पुस्तक असं संपतं का, म्हणून नंतरच्या नकलकारांनी पुढे बारा वचनं जोडली. मला जोडलेलं कळतं, पण मन आठव्या वचनाशीच थांबतं. मराठीत तर ते सहज येतं: कुणाला काहीच सांगितलं नाही त्यांनी, भ्यायल्या होत्या ना.

आणि एक गोष्ट अशी आहे जिला बरीच वर्षं घरच नव्हतं. व्यभिचारात धरलेल्या बाईची. आज ती योहानाच्या आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. पण सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तिथे ती नाही. तिची भाषा योहानाची वाटत नाही. काही हस्तलिखितांत ती लूकच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी जाऊन बसलीय. म्हणजे गोष्ट लोकांच्या तोंडी होती, कुणाला ती सोडवत नव्हती, आणि शेवटी नकलकारांनी जिथे जमलं तिथे तिला जागा दिली. आजच्या अभ्यासू आवृत्त्या तिला कंसात छापतात. चारही शुभवर्तमानांत येशू लिहिताना दिसतो तो फक्त इथे. लोक हातात दगड घेऊन उभे आहेत, आणि तो वाकून बोटाने जमिनीवर लिहितो. काय लिहितो ते गोष्ट सांगत नाही. मातीवरचं ते अक्षर त्याच दिवशी पुसलं गेलं असणार.

आजीने ही गोष्ट आम्हा मुलांना कधी सांगितली नाही. बहुधा आम्ही लहान म्हणून. आमच्या दोनशे पानांत ती नव्हती. थोरली आत्या बरी होऊन घरी गेल्यावर मी वही घेऊन गावी गेले. माळवद आता नाही, स्लॅब आहे. शेजारच्या घरात आजीच्या बरोबरीने शेतात जाणाऱ्या एक बाई अजून आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्या आमच्या मंडळीतल्या नाहीत. मी वही वाचून दाखवली, तशा त्या म्हणाल्या, "ती खुरपताना एक सांगायची, ती न्हाई लिवली का?" आणि त्यांनी ही गोष्ट सांगितली, दगडांसकट. मी विचारलं, मातीत काय लिहिलं ते सांगायची का आजी?

"सांगायची की. तिचं नाव लिवलं त्यानं. तवर कुनी इचारलंच नव्हतं."

धाकटी आत्या म्हणते, आई असं कधी बोललीच नाही. मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे, दोन्ही बाजूंना कंस घालून.